वही कुणाची, वाचन कुणाच्या दारात?

मंडळी, ॲलिस वेक्सलर यांचं ‘मॅपिंग फेट’ हे पुस्तक १९९५ साली आलं. पुस्तक चांगलं आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा बराच वेळ आम्ही त्याच्याशी भांडणार आहोत.

हे एका घराचं पुस्तक आहे. लेखिका इतिहासाच्या अभ्यासक. त्यांच्या आईला, लिओनोर यांना, १९६८ साली हंटिंग्टन रोगाचं निदान झालं. या आजारात मेंदूतल्या पेशी हळूहळू मरत जातात. हातपाय आपोआप हलायला लागतात, मग तोल जातो, बोलणं अडखळतं, स्वभाव बदलतो, विचार विस्कटतो. बहुतेकांना तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान लक्षणं दिसू लागतात, म्हणजे तोवर लग्न आणि मुलंबाळं झालेली असतात. आई किंवा वडील, एकाला आजार असेल तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी. बरं करणारं औषध आजही नाही.

वडील मिल्टन यांनी संशोधनासाठी संस्था उभी केली, आणि धाकटी बहीण नॅन्सी त्या संशोधनाची सूत्रधार झाली. घरात हा आजार न बोलता कसा वावरत होता, त्याची पानं आम्हाला सर्वांत खरी वाटली. सोयरीक जुळवताना ‘आमच्याकडे तसलं काही नाही हो’ म्हणणारी आपली माणसं त्यात लगेच ओळखू येतात.

आमचं भांडण आहे ते व्हेनेझुएलापाशी. माराकाइबो सरोवराच्या काठी, बारांकितास नावाच्या गावात आणि माराकाइबो शहरातल्या सान लुइस वस्तीत, हा आजार जगात कुठेही नसेल इतक्या दाटीनं आहे. अमेरिको नेग्रेते या व्हेनेझुएलाच्या डॉक्टरनं १९५० च्या दशकात तो ओळखला, त्यावर पुस्तकही लिहिलं. १९७२ साली अमेरिकेतल्या एका परिषदेत या रुग्णांची फिल्म दाखवली गेली आणि बाहेरच्या जगाचं लक्ष गेलं. १९७९ मध्ये नॅन्सी वेक्सलर तिथे पोचल्या. पुढची सुमारे दोन दशकं त्यांचं पथक वर्षामागून वर्ष जात राहिलं.

तिथून रक्त विमानानं बॉस्टनला जायचं, जेम्स गुसेला यांच्या प्रयोगशाळेत. १९८३ मध्ये चौथ्या गुणसूत्रावर खूण सापडली, १९९३ मध्ये प्रत्यक्ष जनुक. त्यात ‘सीएजी’ ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, आणि ती चाळीसच्या वर गेली की आजार होतोच. विज्ञानाच्या पुस्तकांत ही विजयाची गोष्ट म्हणून येते, आणि विजय तो होताच.

पण नुसत्या रक्तानं हे साधलं नसतं, बरं का. कोण कुणाची मुलगी, कोणता चुलता नाचत नाचत मेला, कोण पाण्यात बुडाला म्हणून त्याचं कळलंच नाही, ही माहिती माणसांनी तोंडी सांगितली. त्यातून वंशावळ झाली. २००४ च्या शोधनिबंधात ती १८,१४९ माणसांची आहे, दहा पिढ्यांची. आज आपण ज्याला ‘हेल्थ डेटा’ म्हणतो तो हाच. रक्त सुईतून निघतं, पण हे निघायला माणसानं विश्वास ठेवावा लागतो.

तो विश्वास कसा बसला, हे नॅन्सी यांनी स्वतः सांगितलं आहे. लोकांना वाटत होतं की हा रोग फक्त आपल्याच नशिबी आहे, आणि या परक्यांना आपलंच रक्त का हवंय? तेव्हा पथकातल्या एका परिचारिकेनं नॅन्सी यांचा हात धरून दंडावरची खूण सगळ्यांना दाखवली. त्यांनीही त्वचेचा तुकडा याच कामासाठी दिला होता, त्यांच्याही आईला हाच आजार होता. मग लोक पुढे आले. म्हणून ‘गोऱ्यांनी येऊन गरिबांना लुटलं’ ही सोपी टीका आम्ही करणार नाही. २०२० साली नॅन्सी यांनी आपल्यालाही हा आजार असल्याचं जाहीर केलं. लुटणारा असा नसतो.

मग तक्रार काय? आपल्याकडे हेळवी यायचा. कोल्हापूर-सांगलीकडच्या मंडळींना आठवेल. बैलावर बसून गावात यायचा, धान्य घ्यायचा आणि तुमच्या सात पिढ्या तुमच्याच दारात वाचून दाखवायचा. वही त्याची, पण वाचन तुमच्या दारात. माराकाइबोची वही दारात वाचली गेली नाही. तपासलेल्या रक्ताचे निकाल देणाऱ्यांना सांगितले जात नव्हते. याला कारण होतं, आणि ते क्षुल्लक नव्हतं: निकाल सांगितल्यावर माणूस कोसळला तर सावरणारा समुपदेशक तिथे नव्हता, उपचारही नव्हता. पण याच संशोधनाच्या जोरावर श्रीमंत देशांत चाचणी आणि समुपदेशन, दोन्ही एकत्र मिळू लागलं. एकीकडे सोय नाही म्हणून निकाल नाही, आणि दुसरीकडे निकाल आहे म्हणून सोय उभी राहिली. सान लुइसमध्ये रुग्णांसाठी १९९९ साली एक निवारा सुरू झाला, तोही पुढे पैशाअभावी बंद पडला.

आता पुस्तकाकडे. ॲलिस वेक्सलर आईचं मन आतून दाखवतात. चाचणी करावी की करू नये, ही दोघी बहिणींची घालमेल आतून दाखवतात. कळून न घेण्याचा हक्क म्हणजे काय, हे आम्हाला या पुस्तकानं शिकवलं. पण सरोवराकाठची माणसं आम्हाला बाहेरूनच दिसतात. त्यांचं दारिद्र्य दिसतं, प्रेमळपणा दिसतो, ओढलेले हातपाय दिसतात. चाचणी नको म्हणण्याचा हक्क ज्यांच्यापुढे कधी आलाच नाही, कारण निवडायला निकालच हाती नव्हता, त्यांची घालमेल कुठे? हे लेखिकेच्या हातात नव्हतं असं कुणी म्हणेल. आमच्या मते होतं. इतिहासकारानं ही जागा निदान मोकळी म्हणून दाखवायला हवी होती.

या सगळ्याच्या मुळाशी एक शब्द आहे, ‘दान’. आपल्या संमतीपत्रांतही ‘नमुना दान करीत आहे’ या धाटणीची वाक्यं असतात. दान म्हणजे हातावर पाणी सोडणं, आणि पाणी सोडलं की हक्क संपला. रक्तपेढीतल्या बाटलीला हे चालतं, ते रक्त कुणाच्या तरी अंगात जाऊन संपतं. संशोधनाचा नमुना संपत नाही. तो शीतपेटीत राहतो, त्यातून उद्या आज न सुचलेले प्रश्न विचारले जातात. शिवाय तो एकट्याचा नसतोच. हंटिंग्टनमध्ये माझं रक्त माझ्या बहिणीबद्दलही बोलतं. सामाईक जमिनीसारखं आहे हे, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं असतात.

आणि पाणी सोडल्यावर काय होतं, तेही ऐका. ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या अमेरिकन कंपनीनं पार्किन्सनच्या रुग्णांना थुंकीचे नमुने आणि आजाराची माहिती देण्याचं आवाहन केलं. हजारोंनी दिली, बहुतेकांनी चांगल्या मनानं. २०१५ साली जेनेन्टेक या औषध कंपनीशी त्यावर करार झाला, सहा कोटी डॉलरपर्यंतचा. मार्च २०२५ मध्ये ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ दिवाळखोरीत गेली आणि सुमारे दीड कोटी ग्राहकांची माहिती न्यायालयात मालमत्ता म्हणून उभी राहिली. शेवटी ती कंपनीच्या संस्थापिकेच्याच ना-नफा संस्थेनं घेतली. दंडावरची खूण दाखवायला तिथे कुणीच नव्हतं.

आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत साठवलेल्या नमुन्यांवर वेगळं प्रकरण आहे, लाभातल्या वाट्याचाही उल्लेख आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती कायद्यात मात्र संशोधनाला, काही अटींवर, बरीच सूट आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

सुरुवातीला एका ताईंनी चिठ्ठी पाठवली होती: ‘मग नमुना द्यावा की नाही?’ ताई, द्यावा. आम्हीही देऊ. सरोवराकाठच्या लोकांनी दिला नसता तर ते जनुक कधी सापडलं असतं कोण जाणे. पण सही करण्याआधी विचारा: निकाल मला सांगणार का, आणि मला नको असेल तर न सांगण्याची सोय आहे का? संस्था बंद पडली तर नमुना कुणाकडे जाणार? नमुना मागे घेतला तर आधी वाटून गेलेल्या माहितीचं काय? आणि पुढच्या वर्षी कोण येणार आहे, वही घेऊन? उत्तर देणारा माणूस ‘फॉर्मवर सगळं लिहिलंय’ म्हणाला, तर फॉर्म घरी न्या. घरच्यांना वाचून दाखवा, नावं त्यांचीही आहेत त्यात.

बरं, आता प्रश्न घेऊ. माईक मागच्या रांगेकडे द्या.