साडेनऊच्या खालचा उतारा

ऊसबिलाच्या एका सर्व्हिसच्या टेस्ट परवा वाचल्या आणि डोके फिरले. सर्व्हिस साताऱ्याकडच्या एका छोट्या कंपनीची. नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण सांगलीतल्या किंवा कऱ्हाडातल्या दुसऱ्या कुणाचाही रेपो उघडला तरी हेच दिसेल. टेस्टची संख्या भरघोस, कव्हरेज नव्वदीच्या पुढे, जिकडे तिकडे हिरव्या खुणा. त्यातली एक टेस्ट अशी: दराचा तक्ता वाचणाऱ्या क्लासच्या जागी मॉक उभा केला, मॉकला सांगितले की तू ३,५५० म्हण, मग सर्व्हिसला दर विचारला. उत्तर ३,५५० आले, टेस्ट पास. पढवलेला पोपट बोलला, एवढीच काय ती नोंद.

फाइलींची ठेवण पाहता हे माणसाने लिहिलेले नाही. कोड यंत्रापुढे टाकला, ‘याच्या टेस्ट लिहून दे’ म्हटले, आणि यंत्राने कोड जे करतो तेच बरोबर मानून त्यावर शिक्के मारले. यंत्राला दोष देऊन मोकळे होता येणार नाही. ते ज्या शाळेत शिकले ती शाळा आमचीच. केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ च्या सुमारास विमानप्रवासात जेयुनिट जुळवले, त्यानंतरच्या पाव शतकात आम्ही लिहून ठेवलेल्या टेस्ट वाचूनच ते शहाणे झाले आहे. त्यातल्या बहुतेक अशाच होत्या.

माइक कोनचा पिरॅमिड, मार्टिन फाउलरचा मॉक आणि स्टब यांच्यावरचा लेख, २०१४ साली हॅन्सनने टीडीडीला वाहिलेली श्रद्धांजली, हे सारे वाचकांना ठाऊक आहे. पोस्टमनचे कलेक्शन जपून ठेवणे म्हणजे टेस्ट नव्हे. क्युकंबरची ‘गिव्हन-व्हेन-देन’ वाक्ये एकाही शेतकी अधिकाऱ्याने वाचलेली मी पाहिली नाहीत. पॅक्टसारख्या करार-टेस्ट उत्तम, पण दहा टीम असतील तिथे. आपल्याकडे एकच पोरगा दोन्ही सर्व्हिस लिहितो, त्याने स्वतःशी करार करून काय साधणार?

खरी बातमी वेगळीकडे आहे. २०१५ च्या सुमारास आलेल्या टेस्टकंटेनर्समुळे खरा पोस्टग्रेस डॉकरमध्ये उभा करून टेस्टनंतर टाकून देणे सोपे झाले. आणि क्लासेन व ह्यूज यांनी २००० साली क्विकचेकमधून मांडलेली कल्पना हायपोथेसिसच्या रूपाने पायथॉनवाल्या साध्या पोरांच्या हाती आली: उदाहरणे तुम्ही देऊ नका, नियम सांगा, उदाहरणे यंत्र शोधील. या दोन गोष्टी एकत्र आल्या की बॅकएंडच्या टेस्टला प्रथमच काही म्हणायचे असते. माझा पक्षपात इथेच आहे आणि तो मी लपवत नाही.

उसाला द्यायचा किमान दर, म्हणजे एफआरपीच घ्या. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये. वर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढ, खाली तेवढीच घट. मात्र उतारा ९.५ किंवा त्याहून कमी असेल तर पुढची घट थांबते आणि ३२९.०५ रुपये द्यावेच लागतात. नियम चार ओळींचा. आपल्याकडे उतारा अकरा-बाराच्या आसपास, त्यामुळे सांगलीचा पोरगा टेस्टमध्ये १२ घालतो, फार तर १०.२५. त्यातला जो पुस्तक वाचलेला असतो तो सीमारेषा तपासायची म्हणून ९.५ घालतो आणि निर्धास्त होतो.

आता गणित करून पाहा. १०.२५ मधून ९.५ गेले, राहिले ०.७५, म्हणजे साडेसात पायऱ्या. साडेसात गुणिले ३.४६ म्हणजे २५.९५. ते ३५५ मधून वजा केले की ३२९.०५. संरक्षणाचा नियम कोडमध्ये अजिबात लिहिलेला नसला तरी ९.५ ची टेस्ट पास होते! दोन्ही सूत्रे त्या बिंदूवर एकच उत्तर देतात. चूक दिसायला ९.४ घालावे लागते. तिथे नियम नसलेला कोड ३२५.५९ म्हणतो आणि टनामागे साडेचौतीस रुपयांना शेतकरी मुकतो. कव्हरेजचा अहवाल यावर काय बोलणार? जी ओळ लिहिलीच नाही ती त्याच्या हिशेबात नसते. कोड वाचून टेस्ट लिहिणाऱ्या यंत्रालाही ती दिसणार नाही. हायपोथेसिसला मात्र एवढेच सांगायचे की उतारा आठपासून चौदापर्यंत काहीही घे, दर ३२९.०५ च्या खाली जाता कामा नये, आणि उतारा वाढला तर दर घटता कामा नये. ते ९.४ किंवा ८.७ शोधून तुमच्या तोंडावर फेकते.

यावर उत्तर ठरलेले: ‘आपल्याकडे साडेनऊच्या खाली उतारा जातोच कुठे?’ रस किंवा बी-हेवी मळी इथेनॉलकडे वळवली की पोत्यात उतरणारी साखर घटते आणि प्रत्यक्ष उतारा खाली दिसतो. वळवलेल्या साखरेची भर घालून एफआरपीचा उतारा काढावा लागतो. ही भर घालणारी सर्व्हिस वेगळी, दर काढणारी वेगळी. भर घालायची राहून गेली की आकडा थेट साडेनऊच्या खाली घसरतो, आणि तोही वाळव्या-कऱ्हाडच्या पट्ट्यात.

दशांशाचे दुखणे निराळेच. १०.३५ मधून १०.२५ वजा केले की फ्लोटमध्ये ०.१ येत नाही, किंचित कमी येते. त्याला ०.१ ने भागून पूर्ण पायऱ्या मोजल्या की एकाच्या जागी शून्य मिळते आणि ३.४६ रुपये गळतात. मॉकवाल्या टेस्टला हे कळायला मार्ग नाही. तिला उत्तर आधीच सांगून ठेवलेले असते.

घड्याळाचेही तेच. गाळप रात्रंदिवस चालते. १६ जानेवारीला पहाटे ३ वाजता काट्यावर आलेली ट्रॉली सर्व्हरच्या यूटीसी घड्याळात १५ तारखेचीच असते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज. म्हणजे व्याजाचा एक दिवस इकडचा तिकडे होतो. टेस्टमधली ट्रॉली मात्र नेहमी सकाळी १० वाजता येते! रात्रपाळीचा चिटबॉय कधी पाहिलेलाच नाही, अशा माणसाने या टेस्ट लिहिल्या असणार.

गावांच्या नावांत तर धमाल आहे. कऱ्हाडमधला ऱ एकाच युनिकोड अक्षराने लिहिता येतो आणि र खाली नुक्ता देऊनही. नॉर्मलायझेशन केले तर हे दोन्ही एक होतात. तिसरा प्रकार र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह असा. पडद्यावर तो हुबेहूब तसाच दिसतो, पण नॉर्मलायझेशनलाही दाद देत नाही. चौथा सरळ ‘कराड’. खऱ्या डेटाबेसमध्ये या चार गटांत विखुरलेले सभासद एका शोधात सापडतात का, ही टेस्ट मला हवी. त्यात जुलै २०२५ मध्ये विधानसभेत इस्लामपूरचे ईश्वरपूर झाल्याचे जाहीर झाले. जुनी बिले जुन्या नावाने, नवी नव्या नावाने, आणि वार्षिक पत्रकात सभासद एकच राहायला हवा. मॉक रिपॉझिटरी या सगळ्यावर हसून ‘सापडला’ म्हणते.

नेट गेले आणि कारकुनाने ‘बिल पाठवा’ पुन्हा दाबले तर दोन नोंदी पडतात की एक, हेही मॉकला विचारू नये. त्याच्याकडे ट्रान्झॅक्शन नाही, युनिक कन्स्ट्रेंट नाही, लॉक नाही.

‘खऱ्या डेटाबेसवरच्या टेस्ट फार हळू चालतात,’ ही तक्रार मी ऐकून आहे. कंटेनर एकदाच उभा करा आणि प्रत्येक टेस्ट ट्रान्झॅक्शनमध्ये चालवून मागे फिरवा. ऊसबिलाएवढ्या सर्व्हिसला चहा संपायच्या आत निकाल मिळतो. हळूपणा हा बहाणा आहे. खरी अडचण ही की अपेक्षित उत्तर काय, हे प्रोग्रॅमरला ठाऊक नसते आणि ते विचारायला हिशेब विभागात जायची त्याला लाज वाटते. मॉकमुळे ती लाज झाकली जाते, आता यंत्रामुळे आणखीच झाकली जाते.

२०१७ ची कर्जमाफी आठवा. दीड लाखापर्यंतची माफी, ऑनलाइन अर्ज, दिवाळीच्या तोंडावर याद्या. पहिल्याच याद्यांत एकच आधार क्रमांक अनेक खात्यांना लागलेला आढळला आणि पडताळणी नव्याने सुरू झाली. प्रत्येक तुकड्याची युनिट टेस्ट पास असती तरी हे घडलेच असते, कारण बँकांकडून आलेली माहिती जिथे एकत्र होते तिथे घोळ होता. एका आधारवर दोन खातेदार नसावेत, हा नियम कुठल्याही गटसचिवाने तोंडी सांगितला असता. तो टेस्टच्या फाइलीत लिहायला कुणीतरी त्याच्याकडे जायला हवे होते.

नियम बदलतातही. २१ फेब्रुवारी २०२२ च्या शासन निर्णयाने एफआरपी दोन टप्प्यांत देण्याची मुभा आली. पुणे विभागासाठी, म्हणजे आपल्यासाठीही, पहिला हप्ता १० टक्के पायाभूत उताऱ्यावर ठरणार होता. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. त्या दिवशी ज्या सर्व्हिसच्या टेस्ट लाल झाल्या नाहीत, त्या टेस्ट नियमाच्या नव्हत्याच. मी तर म्हणेन, निकाल वाचून आधी टेस्टमधले उत्तर बदलायला हवे होते, ती लाल होऊ द्यायला हवी होती, आणि मगच कोडला हात लावायला हवा होता. उलट्या क्रमाने काम केले की यंत्र नव्या कोडवरून नव्या टेस्ट पाडते आणि जुनी चूक नव्या हिरव्या खुणेखाली झाकली जाते.

अलीकडे करारात कव्हरेजचा टक्का लिहून घ्यायची टूम निघाली आहे. ती बंद व्हावी. टक्का मागितला की टक्काच मिळतो, आणि आता तर तो अर्ध्या तासात फुकट मिळतो. कारखान्यांनी त्याऐवजी मागच्या हंगामातली वादाची बिले काढावीत: मध्यरात्रीच्या ट्रॉलीचे, दोनदा पडलेल्या बिलाचे, कऱ्हाड-कराडच्या सभासदाचे, उशिरा दिलेल्या पैशावरच्या व्याजाचे. हिशेब विभागाने त्यांची उत्तरे हाताने काढावीत, खाली सही करावी, आणि सॉफ्टवेअरवाल्याला कोडच्या आधी तो कागद द्यावा. त्या कागदावरची सगळी बिले खऱ्या डेटाबेसवर बरोबर निघेपर्यंत कंपनीचा शेवटचा हप्ता रोखून धरावा.