गायन पार्ट्यांच्या कॅसेटी आणि आपली समीक्षा

दलित साहित्याची समीक्षा आपण छापील पुस्तकापासून सुरू करतो. संग्रह निघाला, आत्मकथन प्रकाशित झाले, की चर्चा होते. जे छापले गेले नाही ते साहित्य नव्हे, असे कोणी उघड म्हणत नाही. पण आपला व्यवहार तसाच आहे. वामनदादा कर्डक 1943 पासून गाणी रचत होते, गावोगाव गात होते. त्यांचा ‘वाटचाल’ हा संग्रह आला 1973 साली. मधली तीस वर्षे ही गाणी कुठे होती? ती माणसांच्या तोंडी होती. पुढे वस्त्यांत टेपरेकॉर्डर आला आणि ही परंपरा कॅसेटवर उतरली. त्या कॅसेटींना समीक्षेने फारसा कान दिलेला नाही.

मी ज्या कॅसेटींविषयी लिहितो आहे त्या चैत्यभूमीच्या किंवा दीक्षाभूमीच्या स्टॉलवर विकल्या गेलेल्या नव्हेत. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज कंपन्यांच्या कॅसेटींनी घरोघर पोहोचविले. त्याचे मोल मोठेच आहे. परंतु तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात गावोगाव गायन पार्ट्या होत्या. त्यांच्याकडे कोणती कंपनी येणार? जयंतीच्या रात्री कोणीतरी मंचासमोर टेप ठेवी, दोन बटणे एकदम दाबी आणि कार्यक्रम भरून घेई. प्रत एकच. तीही घरातल्या पत्र्याच्या डब्यात.

कळंब तालुक्यातल्या एका वस्तीत मला अशा तीन कॅसेटी मिळाल्या. एकीवर बॉलपेनने ‘14 एप्रिल 1988’ एवढेच लिहिले आहे. रीळ चिकटले होते; चाकात पेन्सिल घालून, हळूहळू फिरवून ते सोडवावे लागले.

या कॅसेटीवर पाणवठ्याचे एक गाणे आहे. गायक पहिल्यांदा ‘या गावात’ असे मोघम म्हणतो. गर्दीतून एक म्हातारा ओरडतो, नाव घे की! पेटी क्षणभर थांबते. मग तेच कडवे पुन्हा येते आणि त्यात गावाचे नाव, आळीचे नाव, विहिरीचे नाव येते. टाळ्या पडतात. मला हा प्रसंग साहित्यदृष्ट्या महत्त्वाचा वाटतो. येथे कडव्याचे संपादन श्रोत्याने केले आहे. ज्या गावात उद्या सकाळी त्याच विहिरीवर जायचे आहे, त्या गावात रात्री कर्ण्यावरून तिचे नाव घेणे याला धाडस लागते. चार जिल्ह्यांत खपवायच्या कॅसेटीवर हे नाव टिकले नसते. पुस्तकातही ‘या गावात’ हेच राहिले असते.

दोन गाण्यांच्या मध्ये बक्षिसे पुकारली जातात. कोणाचे पाच रुपये, कोणाचे अकरा. ऊसतोडीहून परतलेल्या एका कोयत्याचे, म्हणजे नवराबायकोचे, दोन रुपये. ही नावे मी वहीत उतरवून घेतली. या गाण्याचे आश्रयदाते कोण, याचे याहून चांगले उत्तर मला कुठल्या ग्रंथात मिळाले नाही.

दुसरीवर कसबे तडवळ्याच्या परिषदेचे गाणे आहे. फेब्रुवारी 1941 मध्ये महार-मांग वतनदारांच्या त्या परिषदेला बाबासाहेब आले होते. गाण्यात परिषदेचे ठराव नाहीत. वाटेवरच्या भाकरी आहेत, बैलगाड्या आहेत. इतिहासाला दोन्ही हवे.

मात्र आपले आहे म्हणून सगळेच चांगले, ही भूमिका मला मान्य नाही. तिन्ही कॅसेटींतल्या निम्म्याहून अधिक चाली सिनेमाच्या आहेत. कित्येक गाण्यांत विचार संपतो आणि नुसता जयजयकार उरतो. उपासतापास करणाऱ्या बाईची टिंगल तीन गाण्यांत आहे. पुरुषाच्या दारूवर एक कडवेही नाही. बाईचा आवाज फक्त एकदा येतो, तोही गर्दीतून. याउलट गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पाने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. शेजारच्या माजलगावच्या भीमनगरात 1996 साली ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्यांत बाया बाबासाहेबांना स्वतःच्या शब्दांत गातात. मंचाने जे गमावले ते जात्यापाशी होते.

माझ्या एका विद्यार्थ्याने मला अमेरिकेतील ‘पंक’ गाणी ऐकविली. वेगवान, कर्कश, दोनचार सुरांची. हॅकनी आडनावाच्या तीन काळ्या भावांनी डेट्रॉइटमध्ये 1975 साली अशी गाणी भरली होती, पंक हे नाव रुळण्याआधीच. गटाचे नाव ‘डेथ’, म्हणजे मरण. मोठ्या कंपनीने नाव बदला म्हटले. त्यांनी नकार दिला. पुढे स्वखर्चाने 500 तबकड्या काढल्या. बाकीचे ध्वनिमुद्रण घरात पडून राहिले, ते 2009 साली लोकांपुढे आले. हा नकार आपल्या ओळखीचा आहे. परंतु विद्यार्थी म्हणाला, “सर, खरखर हीच याची शैली.” तेथे मी त्याला थांबविले. तिकडे अनेकांनी खरखर निवडली. आपल्या कॅसेटींतली खरखर स्वस्त रिळाची आणि उतरलेल्या सेलची आहे. दारिद्र्याला शैली म्हणू नये. मोल खरखरीचे नाही. तिच्यामागे ऐकू येणाऱ्या सभेचे आहे.

हे सारे मी आज लिहितो आहे, पण माझे हातही स्वच्छ नाहीत. माझे वडील गायन पार्टीत ढोलकी वाजवीत आणि कधी स्वतःचे गाणे म्हणत. त्यांना सही करण्यापुरते लिहिता येई. त्यांच्या गाण्यांची एकच कॅसेट घरात होती. अकरावीत असताना वक्तृत्व स्पर्धेच्या तयारीसाठी मला कोरी कॅसेट हवी होती. मी तीच घेतली. भाषणाचा विषय होता ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि शिक्षण’. वडिलांना कळले तेव्हा ते म्हणाले, “असू दे, तुझं शुद्ध हाय.” स्पर्धेत मला दुसरा क्रमांक मिळाला. आता वडील नाहीत. कॅसेट आहे. माझे भाषण संपल्यावर शेवटची दोनतीन मिनिटे ढोलकी ऐकू येते, शब्द नाहीत.

‘तुझं शुद्ध हाय’ या वाक्यात आपल्या समीक्षेचा सगळा दोष आहे, आणि तो त्यांनी नव्हे, मी आणि माझ्या शिक्षणाने निर्माण केला.

म्हणून शिक्षकांना, विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे. कॅसेट सापडली तर आधी तिच्या कडेवरचे प्लास्टिकचे दोन तुकडे मोडा, म्हणजे तिच्यावर पुन्हा काही भरता येणार नाही. मग तिची प्रत करा. गाव, साल, गायक, रचनाकार, ढोलकीवाला यांची नावे घरच्यांना विचारून लिहा. मूळ कॅसेट आणि एक प्रत त्या घरातच ठेवा. त्यानंतर समीक्षा करा, कठोरपणे करा. पण आधी ऐका.