‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’: नवं रूप तपासायचं कशावर?

जुन्या कलाकृतीचं नवं रूप अभ्यासायला घेतलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: मूळ कृतीशी इमान राखलं का? तुम्हीही असा विषय घेणार असाल तर जरा थांबा. आधी विचारा, मूळ म्हणजे नेमकं कुठलं?

जॉर्ज गर्श्विनची पियानो आणि वाद्यवृंदासाठीची ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’ घ्या. 12 फेब्रुवारी 1924 रोजी न्यूयॉर्कच्या इओलियन हॉलमध्ये पॉल व्हाइटमनच्या जॅझ बँडने ती पहिल्यांदा सादर केली. कुठल्या वाद्याने काय वाजवायचं, हे गर्श्विनने नाही, फर्डी ग्रोफेने ठरवलं. पुढे सिम्फनी वाद्यवृंदासाठीची मांडणीही त्याचीच, ती छापली गेली 1942 मध्ये, म्हणजे गर्श्विन गेल्यानंतर. सुरुवातीला क्लॅरिनेट घसरत वर चढतो ना, ते कागदावर नव्हतंच. तालमीत रॉस गोरमनने गंमत म्हणून तसं वाजवलं, गर्श्विनला आवडलं आणि ते राहिलं. पहिल्या प्रयोगात पियानोचे काही भाग गर्श्विनने आयत्या वेळी रचले. तो मान हलवेपर्यंत व्हाइटमनने थांबायचं, असं ठरलेलं होतं.

थोडक्यात, या रचनेत जन्मतःच मोकळी जागा होती. छापील प्रतींनी ती बुजवली.

आता ‘बहुसांस्कृतिक’ या शब्दाकडे या. गर्श्विनला ही रचना नाना लोकांच्या सरमिसळीतून घडलेल्या अमेरिकेचं चित्र वाटत होती. पण ज्या ब्लूज आणि जॅझवर ती उभी आहे, ते घडवलं कृष्णवर्णीय कलावंतांनी, आणि त्या दिवशी मंचावरचा बँड गोऱ्यांचा होता. त्यामुळे नव्या रूपात कुठली नवी वाद्यं आली, एवढं मोजून भागत नाही. मोकळी जागा कोणाच्या हाती आली, हे बघायला हवं.

याच कसोटीवर मला मार्कस रॉबर्ट्सचं 1996चं ध्वनिमुद्रण महत्त्वाचं वाटतं. हा कृष्णवर्णीय जॅझ पियानोवादक गर्श्विनच्या धुना घेतो आणि पियानोचे भाग स्वतःच्या उत्स्फूर्त वादनाने नव्याने घडवतो. रचना लांबते, मूळचा धावता वेग काही ठिकाणी सैल पडतो, हे खरंच. पण ब्लूज इथे नुसता रंग म्हणून येत नाही, पुढे काय व्हायचं ते तोच ठरवतो. शताब्दीच्या सुमारास पियानोवादक लारा डाउन्स आणि पोर्टो रिकोचा संगीतकार एडमार कोलोन यांनी केलेलं रूपही असंच ऐका. नवे ताल जुन्या धुनेला फक्त ठेका देतात, की तिला थांबवून स्वतः बोलतात?

‘मग काहीही चालेल का?’ हा आक्षेप तुमच्या मार्गदर्शकांकडून येणारच. 1955 मध्ये लिओनार्ड बर्नस्टाइनने लिहिलं होतं की, या रचनेचे तुकडे गाळले किंवा मागेपुढे केले तरी ती चालतेच. इथेच सापळा आहे. जी रचना सगळंच सहन करते, तिच्यात बदल करणं सोपं असतं, पण त्या बदलातून काही म्हणणं अवघड.

म्हणून प्रस्तावात ‘मूळ आणि नवं’ अशी जोडी लावू नका. 1924, 1942 आणि तुमचं नवं रूप शेजारी ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी एकच विचारा: इथे निर्णय कोणाचा होता?