‘कविता’चे ‘डफोर्क’ होते तेव्हा

नॅकच्या मूल्यांकनासाठी महाविद्यालये जो स्वयं-अध्ययन अहवाल तयार करत आली आहेत, त्याच्या सातव्या निकषात दिव्यांगस्नेही वातावरणाचा एक प्रश्न असतो. रॅम्प, फलक, स्क्रीनरीडर यांपैकी किती सोयी आहेत ते सांगायचे आणि पुराव्यादाखल छायाचित्रे जोडायची. असे बरेच अहवाल मी वाचले आहेत. रॅम्पचे छायाचित्र समजू शकते. पण मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचे छायाचित्र काय सिद्ध करते? पडदा, त्यापुढे खुर्ची, खुर्चीत कोणी नाही. त्या संगणकाने मराठीची एक तरी नोट नीट वाचली का, हे विचारण्याची रीत नाही.

ते विचारायला हवे, कारण स्क्रीनरीडर पडद्यावरची आकृती पाहत नाही. अक्षरामागचा संकेतांक वाचतो. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीनरीडर २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध तरुणांनी उभा केला. त्याला मराठी आवाजही जोडता येतो. आवाज यांत्रिक आहे, पण सवयीने चालतो. तेव्हा ‘मराठीसाठी साधनच नाही’ ही सबब आता टिकत नाही. अडचण साधनात नसून आपण त्याच्यापुढे काय ठेवतो यात आहे.

युनिकोड रुळण्यापूर्वीच्या फाँटांनी मराठी छपाई संगणकावर आणली. त्यांचे ते ऋण मोठे आहे. पण त्यांची युक्ती अशी, की रोमन अक्षराच्या जागी देवनागरी आकृती बसवायची. हिंदीत अधिक, पण मराठीतही चाललेल्या कृतिदेवमध्ये ‘कविता’ हा शब्द टंकला, तर संगणकाच्या लेखी तिथे डी, एफ, ओ, आर, के ही पाच रोमन अक्षरे असतात. डोळ्यांना कविता दिसते. स्क्रीनरीडर ‘डफोर्क’सारखे काही उच्चारतो. अख्खे प्रकरण असे ऐकून पाहावे. पाच मिनिटे पुरतात.

यात एक मौज अशी, की असे दस्तऐवज तपासणीत सहसा उत्तीर्ण होतात. सुगम्यतेच्या जागतिक कसोट्या आणि त्या लावणारी यंत्रे पाहतात, की पानात निवडता येणारा मजकूर आहे का, शीर्षके खुणावली आहेत का, चित्राला वर्णन आहे का. मजकूर तर आहेच! तो मराठी नाही, हे यंत्राला कळत नाही. कसोट्या वाईट आहेत असे नव्हे. आपले दुखणे त्यांच्या यादीत नाही, एवढेच. ते यादीत घालण्याचे काम मराठीवाल्यांचे होते.

माझ्या परिचयातील एका अंध विद्यार्थिनीने मराठीत एम. ए. केले. तिच्या महाविद्यालयात नोट्स मोबाइलवर येत, त्याही वहीच्या पानांचे फोटो काढून. इंग्रजी समीक्षेची पुस्तके ती स्वतः ऐके, थांबे, मागे जाई; मराठी पुस्तकासाठी मात्र धाकट्या भावाची सुट्टी पाहावी लागे. लघुप्रबंधासाठी तिला एकोणिसाव्या शतकातील नियतकालिके घ्यायची होती. ती स्कॅन होऊन सर्वांसाठी खुली आहेत, म्हणजे पानांची चित्रे खुली आहेत. तिने विषय बदलला आणि इंग्रजीतून उपलब्ध असलेल्या सिद्धान्तावर लिहिले. प्रबंध चांगला झाला. मराठीच्या अभ्यासाने मात्र त्या नियतकालिकांचा एक वाचक गमावला, याची नोंद कुठे झाली नाही.

कायद्याची बाजू पक्की आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा राखल्या आणि इलेक्ट्रॉनिक मजकूर सुगम्य असावा असेही म्हटले. विद्यापीठ अनुदान आयोगाची मार्गदर्शक तत्त्वे २०२२ ची. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुगमता ही जगण्याच्या हक्काचाच भाग मानली. कॉपीराइटची भीती घालणाऱ्यांनी २०१२ ची दुरुस्ती पाहावी. दिव्यांगांसाठी पुस्तकाचे रूप बदलण्याला तिने वाट करून दिली आहे.

पण नुसत्या सक्तीने काय होते, हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठाने व्याख्यानांच्या ध्वनिचित्रफिती सर्वांना मोफत दिल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच फितींना शब्दपट्ट्या नव्हत्या. बधिर वाचक-प्रेक्षकांच्या वतीने तक्रार झाली, २०१६ मध्ये न्याय खात्याने विद्यापीठाला दोषी धरले. २०१७ साली विद्यापीठाने वीस हजारांहून अधिक फिती सार्वजनिक पाहण्यातून काढून घेतल्या. खर्च टाळण्याचा तो मार्ग होता, आणि रोष मात्र तक्रार करणाऱ्यांवर निघाला. आपल्याकडे हेच ‘मग नोट्स संकेतस्थळावर टाकूच नका’ अशा एका ओळीच्या तोंडी सूचनेने होईल.

माझे म्हणणे असे, की हे काम संगणक विभागाकडे सोपवण्यात मूळ चूक आहे. फाँट बदलून देणारे प्रोग्रॅम आहेत, चित्रातून अक्षरे ओळखणारेही आहेत. पण त्यांच्या हातून जे निसटते ते मराठीच जाणणाऱ्याला सापडते. ‘आचाऱ्यास’चे ‘आचार्यास’ झाले की स्वयंपाक्याची बिदागी गुरुजींच्या पदरात पडते! स्क्रीनरीडर ते ठणठणीत वाचतो, ऐकणाऱ्याला शंकाही येत नाही. कवितेच्या ओळी सलग परिच्छेद होतात, तळटीप वाक्याच्या मध्ये घुसते. हे मुद्रितशोधन आहे, आणि त्याची परंपरा मराठी विभागांकडे आहे.

चित्रांचेही तेच. भाषेच्या इतिहासाच्या नोट्समध्ये श्रवणबेळगोळच्या लेखाचे छायाचित्र असते, आणि त्याला वर्णन म्हणून ‘इमेज एक’. ‘दगडावरील अक्षरे’ असे लिहिल्यानेही फारसे साधत नाही. लेख गोमटेश्वराच्या मूर्तीच्या पायाशी आहे, अक्षरे नागरी आहेत, ती कशी वाचतात, हे सांगावे लागते. आणि त्याआधी हे चित्र आपण नोट्समध्ये का घातले हे शिक्षकाला ठरवावे लागते. पुष्कळदा असे लक्षात येईल, की ते शोभेपुरतेच होते.

सुरुवात अख्ख्या ग्रंथालयापासून करू नये. चालू सत्राला नेमलेल्या पुस्तकांचे जे भाग शिकवले जातात तेवढे आधी युनिकोडमध्ये, वर्डच्या साध्या फाइलमध्ये द्यावेत. पीडीएफचा आग्रह सोडावा, कारण युनिकोडमधल्या पीडीएफमध्येही पहिली वेलांटी आणि रफार जागा सोडतात. मग ती फाइल कोणा डोळसाने, पडदा बंद करून, शेवटपर्यंत ऐकावी आणि अडेल तिथे पेन्सिलीने खूण करावी.