‘साताऱ्याहून सांगलीला’

दोनच शब्द, आणि क्रियापद नाही. शोधाच्या चौकटीत कुणीतरी ‘साताऱ्याहून सांगलीला’ एवढंच टाइप करतो आणि वाट पाहतो. एसटीच्या चौकशी खिडकीतला माणूस एवढ्यावर फलाट सांगून मोकळा होतो. यंत्राला मात्र बरीच उकल करावी लागते, आणि ती उकल चवीनं पाहण्यासारखी आहे.

पहिली गाठ डोळ्यांना दिसतच नाही. ‘साताऱ्या’मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: खाली टिंब असलेला ऱ घेऊन, किंवा साध्या र चा पाय मोडून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. पडद्यावर दोन्ही रूपं सारखीच, आतले संकेतांक वेगळे. शिवाय घाईत ‘सातार्या’ उमटतं, डोक्यावर रफार घेतलेलं. ही तिन्ही एकच आहेत हे ज्या साधनाला ठाऊक नाही, त्याची पुढची सगळी हुशारी वाया.

मग प्रत्यय सुटतात. ‘ला’ काढला की सांगली जशीच्या तशी हाती येते, कराडचंही तसंच. ‘हून’ काढल्यावर मात्र उरतं ‘साताऱ्या’, म्हणजे सामान्यरूप. मोरो केशव दामल्यांच्या १९११च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’सारख्या ग्रंथांत नावावरून रूप कसं होतं ते सापडतं, यंत्राला त्याच वाटेनं उलटं चालायचं असतं. उलट्या वाटेला फाटे फुटतात. ‘पुण्या’ आलं पुणे या नावावरून, मग ‘साताऱ्या’ सातारे या नावावरून का नसावं? व्याकरणाला दोन्ही मान्य. निकाल गावांची यादी देते.

सांगली जिल्ह्यातलं विटा याहून रंगतदार. नुसतं ‘विटा’ म्हटलं तर भट्टीतल्या विटा आणि खानापूर तालुक्यातलं गाव, दोन्ही समोर उभी. पण ‘विट्याला’ म्हणा, गाव निश्चित. ‘विटांना’ म्हणा, भट्टी. चार अक्षरं पुढे सरकेपर्यंत दोन्ही अर्थ जिवंत ठेवायचे आणि सामान्यरूप आलं की एकाला निरोप द्यायचा, हे ज्याला जमतं ते साधन मला रसिक वाटतं. पहिल्या अक्षराला निवाडा करून मोकळं होणारं नव्हे.

क्रियापदाचं काय? मोझिलानं २००८ साली ‘युबिक्विटी’ नावाचा प्रयोग केला होता. ब्राउझरला साध्या भाषेत आज्ञा द्यायची. पुढच्या वर्षी त्याची शब्द फोडणारी यंत्रणा नव्यानं, अनेक भाषांचा विचार करून रचली गेली. नामाची ‘हून’, ‘ला’सारखी खूण आधी येते की नंतर, हे प्रत्येक भाषेसाठी वेगळं सांगता येई. नामांना ‘कुठून’, ‘कुठे’, ‘कशानं’ अशा भूमिका दिल्या जात. आपल्याकडे अपादान, अधिकरण, करण म्हणून कारकप्रकरणात शिकवतात, त्याचीच ही चुलत भावंडं. भूमिका ठरली की क्रम गौण होतो. ‘सांगलीला साताऱ्याहून’ लिहिलं तरी प्रवास उलटा होत नाही. क्रियापद नसलेल्या वाक्याला, हाती असलेल्या नामांवरून क्रियापद सुचवण्याचीही सोय तिथे होती. क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषेला याहून मोठं सौजन्य कुठलं? तो प्रकल्प पुढे थांबला, याची हळहळ वाटते.

शेवटी क्रमवारी. दोन गावं दिसली, म्हणजे एसटी, रेल्वे, रस्ता आणि अंतर असे चार उमेदवार. प्रत्येकाला गुण मिळतात. नाव किती चपखल जुळलं, हा एक निकष. लोक काय निवडतात, हा दुसरा. मोझिलाच्याच फायरफॉक्स ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत त्याच २००८पासून एखादं पान किती वेळा आणि किती अलीकडे उघडलं, या दोहोंचा मेळ घालून सूचना वर-खाली होतात. सवयीला मान आहे, ठीक.

पण गर्दीला मान देण्यात एक अरसिकपणा शिरतो. औंध दोन आहेत: पुण्यातलं, आणि खटाव तालुक्यातलं, यमाईचं आणि भवानी चित्रसंग्रहालयाचं. केवळ डोकी मोजली तर पुण्याचं औंध वर बसणार यात नवल नाही. आता ‘औंधहून वडूजला’ वाचा. वडूज खटावचंच मुख्य ठिकाण. त्या एका शब्दानं आधीचं औंध कोणतं तेही ठरतं. शेजारचा शब्द इतकं उघड बोलत असताना लोकप्रियतेचे गुण धरून बसणं हा यंत्राचा नाही, गुण ठरवणाऱ्याचा दोष.

रोमन अक्षरांत टाइप करणाऱ्यांनी तर यंत्राची परीक्षाच मांडली आहे. तिथे अ आणि आ यांना एकच अक्षर. सातारा आणि सतरा एकाच वेशात येऊ शकतात. ‘सतराला’ म्हणजे तारीख, ‘साताऱ्याला’ म्हणजे गाव. दोहोंत फरक करणारा मधला ‘य’ रोमनमध्येही टिकतो, फक्त टाइप करणाऱ्यानं तो गाळायला नको. ‘सातारा’ लिहून जागा सोडून ‘ला’ लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी दोन्ही अर्थ दाखवावेत, आणि पुढे सांगली दिसली तर गाव वर घ्यावं.