'सिंघम रिटर्न्स' : उत्तरभागाचे तांत्रिक मूल्यमापन

रोहित शेट्टी दिग्दर्शित 'सिंघम' (२०११) हा तमिळ 'सिंगम'चा (२०१०) हिंदी अवतार होय. १५ ऑगस्ट २०१४ रोजी प्रदर्शित झालेल्या 'सिंघम रिटर्न्स' या उत्तरभागात बाजीराव सिंघम मुंबईत राजकारण्यांशी संधान बांधलेल्या ढोंगी बाबाशी झुंजतो. हवेत उसळणाऱ्या मोटारी हे या थरारपटाचे प्रमुख तांत्रिक भांडवल. मात्र साहसदृश्य-दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार तेव्हा अस्तित्वातच नव्हता. तो २०१६ च्या चित्रपटांपासून सुरू झाला व पहिला मान 'पुलिमुरुगन'साठी पीटर हेन यांना मिळाला. म्हणून येथे पुरस्काराचा अभाव म्हणजे गुणवत्तेचा अभाव, असे मानता येत नाही.

ध्वनीची कसोटी मात्र खुली होती. २०१४ च्याच चित्रपटांमधून चित्रीकरणस्थळीच्या ध्वनिमुद्रणाचा राष्ट्रीय पुरस्कार भाऊराव कऱ्हाडे यांच्या 'ख्वाडा' या मराठी चित्रपटासाठी महावीर सब्बनवाल यांना लाभला. तेथे मेंढपाळांचे भटके जगणे ध्वनीतूनही उभे राहते. 'सिंघम रिटर्न्स'मध्ये ध्वनी बहुतांशी प्रहाराची तीव्रता वाढविण्यापुरताच उरतो. स्वतंत्र विभाग असता तर साहसदृश्यांचा दावा विचारार्ह ठरला असता, ध्वनीचा नाही. तंत्राचे मोल खर्चावरून नव्हे, तर आशयाशी असलेल्या त्याच्या नात्यावरून ठरवावे लागते.