नावं पुष्कळ, प्रश्न मोजके

देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ या काळात शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर संख्यांचे नवे प्रकार शोधत आणि त्यांची बारशीही करत. कोणत्याही संख्येत तिचेच अंक मिळवले की नवी संख्या येते. २१ पासून २४ मिळते. २० मात्र अशी कुठूनच मिळत नाही. अशा स्वयंभू संख्यांना त्यांनी ‘देवळाली संख्या’ म्हटलं आणि १९६३ मध्ये देवळाली कॅम्पातून त्यांच्यावर स्वतःच पुस्तिका काढली. अनेकांना हा फावल्या वेळचा खेळ वाटला. पण १९८२ मध्ये उंबेर्तो झान्निएर यांनी सिद्ध केलं की, कितीही पुढे मोजत गेलं तरी या संख्यांचं प्रमाण शून्याकडे न घसरता एका ठरावीक धन मूल्याकडे जातं.

नाव देणं ही सुरुवात असते. त्या नावाला विचारण्याजोगा प्रश्न सापडला की त्याचं गणित होतं. हीच कसोटी फंक्शनल अ‍ॅनालिसिसमधल्या एका शाखेला लावून पाहण्यासारखी आहे. लोकली कॉन्व्हेक्स अवकाशांच्या बेर-गुणधर्मांमध्ये गेल्या पन्नासेक वर्षांत नावांचं उदंड पीक आलं.

मूळ कल्पना रने बेर यांच्या १८९९ च्या प्रबंधातली. सीमा जोडून घेतल्यावरही ज्यात एकही गोळा मावत नाही, असा संच विरळ. असे विरळ संच गणनीय संख्येने एकत्र आणूनही पूर्ण अंतर-अवकाश भरत नाही. याच आधारावर बानाख आणि स्टाइनहाउस यांनी १९२७ मध्ये समान-मर्यादेचं प्रमेय उभं केलं. त्या प्रमेयाला मात्र बेर यांचा पूर्ण गुणधर्म लागत नाही, त्याहून कमीत भागतं. ते कमी म्हणजेच बूरबाकी या गणितज्ञांच्या गटाचे ‘बॅरल्ड’ अवकाश. त्यांत प्रत्येक बॅरल, म्हणजे संवृत, बहिर्वक्र, संतुलित आणि सर्व दिशांना पुरणारा संच, शून्याचा शेजार ठरतो.

बेर आणि बॅरल्ड यांच्यामधल्या जागेत पुढची वस्ती झाली. अमेमिया आणि कोमुरा यांनी १९६८ मध्ये दाखवलेला गुणधर्म स्टीफन सॅक्सन यांनी १९७२ मध्ये ‘बेरसदृश’ या नावाने स्थिर केला : वाढत जाणाऱ्या, बहिर्वक्र आणि संतुलित विरळ संचांच्या मालिकेने अवकाश भरता कामा नये. त्यानंतर क्रमविरहित बेरसदृश, अर्धबेर, सुप्राबॅरल्ड अशी उतरंड लागली. यांतल्या काही पायऱ्यांचं प्रयोजन स्पष्ट आहे. बेर गुणधर्म गुणाकारात टिकत नाही. दोन नॉर्म्ड बेर अवकाशांचा गुणाकार बेर नसू शकतो, हे हुआन आरियास दे रेइना यांनी दाखवलं. बेरसदृशता मात्र टिकते. शिवाय सॅक्सन यांनी अडथळाही नेमका दाखवला : गणनीय अनंत मितींचा, सर्वांत बळकट लोकली कॉन्व्हेक्स टोपॉलॉजी असलेला अवकाश. तो बॅरल्ड आहे, पण बेरसदृश नाही. आणि ज्या बॅरल्ड अवकाशात त्याची प्रत सापडत नाही, तो बेरसदृश असतोच. व्याख्येने पैसे वसूल केले ते इथे.

उतरंडीच्या खालच्या-वरच्या इतर पायऱ्यांबद्दल असं म्हणवत नाही. दोन व्याख्या वेगळ्या आहेत हे दाखवण्यासाठी एक कृत्रिम उदाहरण रचायचं, मग त्या दोहोंच्या मधे तिसरी बसवायची, असं बरंच लिखाण झालं. ते चुकीचं नाही. पण त्या उदाहरणांची गरज त्या व्याख्यांखेरीज कुणाला पडली, हा प्रश्न विचारायलाच हवा.

शाखेची खरी पत वाढवली ती एका जुन्या कोड्याने. प्रत्येक अनंतमितीय बानाख अवकाशाला अनंतमितीय सेपरेबल भागावकाश असतो का? सॅक्सन आणि अल्बर्ट विलान्स्की यांनी १९७७ मध्ये सिद्ध केलं की, असा भागावकाश असणं आणि मूळ अवकाशात बॅरल्ड नसलेला घन उपावकाश असणं ही एकच गोष्ट आहे. वर्गीकरणाची वाटणारी संज्ञा थेट बानाख यांच्या काळातल्या प्रश्नाच्या मुळाशी जाऊन भिडली. आर्गिरोस, दोदोस आणि कानेलोपुलोस यांनी २००८ मध्ये सर्व द्वैती बानाख अवकाशांपुरतं होकारार्थी उत्तर दिलं. सर्वसाधारण प्रश्न अनिर्णित आहे.

आपल्याकडच्या एम.एस्सी.च्या वर्गात बेर यांचं प्रमेय बहुधा समान-मर्यादेच्या सिद्धतेपुरतं येतं आणि तिथेच संपतं. त्याच सिद्धतेला ‘यातलं नक्की किती लागलं?’ असं विचारलं, तर बॅरल्ड अवकाश विद्यार्थ्याला स्वतःलाच सापडेल. नव्या व्याख्या शिकवण्यापेक्षा हा प्रश्न शिकवणं जास्त मोलाचं आहे.